धूरफवारणी आणि मागच्या खोलीतल्या माश्या

एकोणीस सप्टेंबर, संध्याकाळी पावणेसहा. धूरफवारणीचे यंत्र आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुरू झाले. ते यावे म्हणून महिनाभर महापालिकेला फोन करणारा मनुष्य मीच.

अडचण मागच्या खोलीत होती. तेथे जाळीच्या पिंजऱ्यांत मी फळमाश्या वाढवत होतो. नोकरीची सारी वर्षे पेरूच्या बागांतून हीच माशी मारण्याचे उपाय शिकवले. निवृत्तीनंतर तिला साखर भरवत होतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी या माशीच्या कोषात अंडी घालून तिला संपवणाऱ्या बारीक कीटकावर संशोधन करते. एसी बिघडून तिच्या प्रयोगशाळेतल्या माश्या मेल्या; उरलेला वंश माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोष न्यायला येणार होती. ते नसते, तर पेरूचा हंगाम आणि तिचे वर्ष, दोन्ही वाया जाणार होते.

मी फाटकात उभा राहिलो. "आमच्या घराला धूर नको."

यंत्र खांद्यावर घेतलेल्या कामगाराने ते बंद केले नाही; नळी तेवढी वळवली. "सर, फोन तुमचाच हुता की. सायेब म्हनले, पयलं ते घर घ्या, न्हायतर पुन्ना फोन येतोय."

"घरात माश्या पाळल्या आहेत."

त्याने मला नीट न्याहाळले. "डास नकोत आनि माश्या पायजेत, व्हय? तुमचं घर सोडतो. पर गल्लीतला धूर काय मी आडवू?"

तोही मलाच अडवायचा होता. माश्यांना हवा मिळावी म्हणून त्या खोलीची तावदाने मीच काढून टाकली होती. पत्नीने कपाटातून आहेराच्या, घडी न मोडलेल्या चादरी काढल्या. आम्ही त्या बादलीत बुडवून खिडक्यांवर खिळ्यांनी ठोकल्या.

"अहो, एवढं तर जावयासाठीही केलं नव्हतं," ती म्हणाली.

धूर ओसरल्यावर दार उघडले. माश्या केळ्यावर फिरत होत्या, पूर्वीइतक्याच निर्विकार. मी मात्र खुर्चीवर बसलो.

गल्लीतल्या डासांना आता बिनधुराचे एक घर हवे होते. ते त्यांना सापडले. कॉइल लावणे शक्य नव्हते. मच्छरदाणी फाडून मी तिचेच पिंजरे केले होते.

"माश्या जाळीत, आपण बाहेर," असे म्हणून पत्नी बहिणीकडे मुक्कामाला गेली.

मी पिंजऱ्यांतले ओल्या कापसाचे बोळे बदलले, वाळू चाळून तिच्यात अळ्यांनी केलेले कोष डब्यात भरले, डबा दाराशी ठेवला आणि गुडघ्यांपर्यंत मोजे चढवले.