ओळखीचे काका

एक गोष्ट मी बरीच वर्षं लपवून ठेवली. ती आधी सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं सांगता येणार नाही. मी एकदा चारचौघांत माझ्या वडिलांची ओळख ‘आमच्या ओळखीचे काका’ अशी करून दिली होती.

वडील नागपूरहून आमच्याकडे सांता क्लाराला आले होते. मराठी मंडळींची उन्हाळी पिकनिक होती. तिथे भेटलेल्या पहिल्याच माणसाला त्यांनी हात जोडून ‘जय भीम’ केला. समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं... निदान मला तसं वाटलं. माझ्या आडनावावरून जात कळत नाही. ‘नागपुरात कुठे?’ असं कोणी विचारलं, तर मी धरमपेठ सांगत असे; आमचं घर इंदोऱ्यात, बौद्ध वस्तीत. कोणीतरी विचारलं, ‘हे कोण?’ आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. वडिलांनी ऐकलं. मग दिवसभर ते मला सर्वांसमोर ‘अहो अविनाशराव’ म्हणत राहिले. माझं खोटं त्यांनीच सांभाळलं. भारतात परतल्यावर काही काळाने ते गेले. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, गंडेदोरे यांना तिथे थारा नव्हता. माझा संशय नेहमी जिवंत माणसांवरच राहिला. कोण काय विचारतंय, का विचारतंय, याला कळलं असेल का... या देशात इतकी वर्षं मी असाच वावरलो.

गेल्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसातला सुधीर म्हणाला, “अरे, सांताक्रूझच्या डोंगरात एक गाइडेड हाइक आहे. जपानी श्राइन, टेम्पल, वर बेन्टो, म्हणजे जपानी डब्याचं लंच. येतोस का? नाहीतरी शनिवारी तू काय करतोस, लॉनशी गप्पा मारतोस.”

सुधीर पुण्याचा. त्या पिकनिकला तोही होता. म्हणूनच मी त्याच्याशी जरा जपून वागतो.

आम्ही सात-आठ जण होतो. वाट दाखवणाऱ्या हारुको नावाच्या साठीच्या बाई होत्या. रेडवूडच्या दाट झाडीतून वर गेलं की एक लाल लाकडी कमान लागते. तिच्याखालून वाकून जायचं. पलीकडे लहानसं देवस्थान, पाण्याचं दगडी कुंड, आणि त्याच्याही वर टेकाडावर बुद्धमंदिर. पूर्वी इथे शेतीवर राबायला आलेल्या जपानी कुटुंबांनी ते बांधलं, असं हारुको सांगत होत्या.

मंदिरात निखाऱ्यांचं एक भांडं होतं, शेजारी सुगंधी चुऱ्याची पेटी. आपल्या गेलेल्या माणसाची आठवण करून चिमूटभर चुरा निखाऱ्यावर सोडायचा, असा तिथला रिवाज. हारुकोंनी विचारलं, “तुमच्यात कोणी बौद्ध आहे का? असेल तर त्यांनी पहिल्यांदा यावं.”

मी गप्प राहिलो. त्रिशरण मला लहानपणापासून पाठ आहे. तरीही मी गप्प राहिलो.

सुधीर हसत म्हणाला, “नो बुद्धिस्ट्स हिअर, मॅडम. बट बुद्धा इज अवर नाइन्थ अवतार, सो ऑल्मोस्ट फॅमिली.” सगळे हसले. मीही हसलो.

हारुको मात्र हसल्या नाहीत. माझ्या डाव्या खांद्यापलीकडे पाहत त्यांनी पेटी पुढे केली आणि कोणासाठी तरी थांबावं तशा थांबल्या. मग मान लववली. मी वळून पाहिलं. मागे लाकडी भिंत होती. पुन्हा समोर पाहिलं, तर निखाऱ्यातून धुराची बारीक रेघ वर चढत होती. आमच्यापैकी अजून कोणीच पुढे झालं नव्हतं. मला वाटलं, पाहुण्यांसाठी करायची ही काहीतरी करामत असेल.

उतरताना सुधीर मागे रेंगाळला होता. तो धापा टाकत मला गाठून म्हणाला, “यार, तू त्यांना सोडून पुढे काय चाललास? हळू चालतात ते.”

“कोण?”

“ते काका. पिकनिकला आले होते ना, तुझ्या ओळखीचे? परत कधी आले इंडियातून? सांगायचंस तरी.”

याला कळलंय, आणि हा माझी थट्टा करतोय, हेच पहिल्यांदा मनात आलं. “सुधीर, कोणी सांगितलं तुला?”

“काय कोणी सांगितलं? आत्ता बोललो त्यांच्याशी, कमानीपाशी. मी म्हटलं, चला बरोबर. तर म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. अविनाशरावांना सांगा, गाडीत बसल्यावर बोलू.”

‘अविनाशराव’ सुधीरने तेव्हा ऐकलं होतं. वडिलांचा चेहराही त्याने पाहिला होता. पण हे शेवटचं वाक्य... पिकनिकला मी पाण्याचा ग्लास घेऊन वडिलांकडे गेलो होतो, झाडाखाली, दोघंच होतो. काहीतरी सांगायला मी तोंड उघडलं, तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले होते, ‘इथे नको. गाडीत बसल्यावर बोलू.’ आणि गाडीत ते घरापर्यंत रस्त्यांबद्दल बोलत राहिले. मीही विषय काढला नाही. ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही.

मी हारुकोंना गाठून विचारलं, मंदिरात पेटी कोणासाठी धरली होती? त्या गोंधळल्या. “तुमच्याबरोबरचे वयस्कर गृहस्थ. त्यांनी हात जोडले, म्हणून मला वाटलं, ते बौद्ध असावेत.” सुधीर आणि हारुको त्या सकाळीच पहिल्यांदा भेटले होते. दोघांनी मिळून काही रचलं असेल का, हा विचार मी आजवर अनेक अंगांनी करून पाहिला आहे. जमत नाही. दुसरं स्पष्टीकरणही माझ्याकडे नाही.

आम्ही कमानीपर्यंत परत चढून गेलो. कोणी नव्हतं. सुधीर इकडेतिकडे हाका मारू लागला, “काका... ओ काका...”

“सुधीर, थांब. ते वारले. काही वर्षं झाली.”

हाक मारायला तोंडाशी धरलेला हात त्याने खाली घेतला.

“आणि ते ओळखीचे काका नव्हते. माझे वडील होते. आम्ही बौद्ध आहोत. तुम्हा लोकांना कळू नये म्हणून मी त्या दिवशी तसं सांगितलं.”

सुधीर खाली बघत म्हणाला, “मघाशी वर मी जे बोललो ते...”

“ते राहू दे.”

हारुको आणि बाकीची मंडळी खालच्या वळणावर थांबून आमच्याकडे पाहत होती. मी हात जोडले आणि त्या सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, “बाबा, मी लोकांसमोर तुम्हाला परकं केलं. मला माफ करा.”