शेवटची खुर्ची

"आग विझली, आता पाइप गुंडाळा!"

टाउनशिपमधलं कुठलंही भांडण मिटलं की काका हे वाक्य टाकायचे आणि दोन्ही हातांनी हवेत पाइप गुंडाळून दाखवायचे. मग ते भांडण नळाच्या पाण्यावरून असो, नाहीतर नवराबायकोचं. भोपाळच्या कारखान्यातल्या फायर स्टेशनवर त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर जवळच सोनागिरीत घर बांधलं, पण सकाळ झाली की स्वारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये हजर.

रिकामी खुर्ची दिसली की राहवत नाही असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. काका तसे होते. राजकारणातले नव्हे, संगीत खुर्चीतले. संक्रांतीला मराठी मंडळाचं संमेलन व्हायचं, त्यात ते कॉलेजच्या पोरांनाही हरवायचे. काका दरवर्षी पहिले, काकू दरवर्षी दुसऱ्या. "गाणं ऐकत बसतो तो हरतो," ते मला बजावायचे. "अपन फक्त ते थांबायची वाट पाहायची. बेलवर धावलेला माणूस आहे मी!"

मग त्यांचे गुडघे सुजू लागले. मी स्कूटरवरून त्यांना दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याच भाषेत समजावलं.

"काका, शरीराचीही फायर ब्रिगेड असते. जखम झाली, जंतू शिरले की ती धावते, त्यानं सूज येते. काम झालं की परत जाते. पण वय वाढलं की कधीकधी तिला परतायचं कळत नाही. आग नसताना पाणी मारत बसते. तुमच्या गुडघ्यांत तेच चाललंय."

काका खवळले. "आमच्या खात्यात असं चालत नव्हतं!"

"पुढे ऐका. हीच ब्रिगेड खऱ्या आगीच्या वेळी झोपूनही राहते. तेव्हा ताप नसला तरी गळल्यासारखं वाटलं, तर लगेच या. आणि यंदा संगीत खुर्ची बंद."

काकांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. परतताना मागच्या सीटवरून ते गुडघ्यांना दटावत होते, "ए, ड्यूटी खतम! चला वापस स्टेशनला!" सिग्नलवर शेजारचा रिक्षावाला दचकला. "चचा, हमसे कै रिये हो?"

संक्रांतीला काकांनी नाव दिलंच. "मीच हरवते यांना, म्हणजे घरी तरी बसतील," काकू म्हणाल्या. शेवटी खुर्ची एक आणि हे दोघं. गाणं थांबलं. काकूंनी पदर खोचून झेप घेतली, पण काका आधीच बसले होते. टाळ्या, शिट्ट्या, नुसता धिंगाणा! काका मात्र उठेनात. गुडघे आखडले होते.

"बसायचं ठरलं होतं," ते शांतपणे म्हणाले. "उठायचं कोणी सांगितलं नव्हतं बाप्पा."

आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून मैदानाला फेरी मारली. काका दोन्ही बाजूंना सलाम ठोकत होते आणि काकू मागून ओरडत होत्या, "खाली ठेवा हो यांना! सवय लागली तर रोज मलाच उचलावं लागेल!" हसून हसून खुर्चीची माझ्याकडची बाजू कलंडायला आली होती.

त्या पावसाळ्यात काका जरा मलूल झाले. जेवण कमी, दिवसा झोप. काकूंनी थर्मामीटर लावून पाहिला. ताप नव्हता.

"बेल वाजली नाही, मग आग कुठली?" काका म्हणाले. आम्हाला सगळ्यांना ते पटलं, डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकलेल्या मलाही. आगीतलं त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? न्यूमोनिया आहे हे समजलं तेव्हा उशीर झाला होता. न वाजलेल्या त्या बेलचा मला अजून राग येतो.

पुढच्या संक्रांतीला काकू आल्या आणि सरळ खेळायलाच उभ्या राहिल्या. शेवटी त्या आणि मी उरलो. गाणं थांबलं तसा मी मुद्दाम मागे राहिलो.

"दया कायले दाखवून राहिला रे? खेळ नीट!" काकू कडाडल्या. सगळं मैदान हसलं. पुन्हा गाणं लागलं, पुन्हा थांबलं. या वेळी मी जिवाच्या आकांतानं धावलो, आणि हरलो.

तिळगूळ वाटून झाला, आम्ही बाकीच्या खुर्च्या उचलायला लागलो. काकूंचे गुडघे ठणठणीत होते. तरी त्या बराच वेळ त्या खुर्चीवरून उठल्या नाहीत.