वार पडायच्या आधी

मावशीला त्या गोठ्यावर येऊन बावीस वर्षं झाली होती. नवऱ्याच्या घरचा दुधाचा धंदा. धार काढायचं काम धाकट्या दिराकडे आणि वासरं मावशीच्या ताब्यात. तोंडाने फटकळ बाई, पण वासरावर तिचा हात कधी उठला नाही. कोण दूध ओढत नाही, कुणाचे कान गार लागतात, हे ती नुसता पाठीवरून हात फिरवून सांगायची.

तिला एकच गोष्ट खात होती. गोचीड वाढले की दीड-दोन महिन्यांच्या वासरांना ताप भरायचा. गाठी सुजायच्या, डोळ्यांच्या आतली लाली पांढुरकी पडायची. दरवर्षी चार-पाच तरी हाताशी यायच्या आधीच जायची. गोचीड वेचून तिची बोटं सोलवटून निघत, पण ताप काही हटत नव्हता.

त्या वर्षी जनावरांच्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीणबाई एक नवी लस घेऊन आली. लशीची चाचणी चालली होती. निम्म्या गाभण गाईंना ती टोचायची, निम्म्यांना नाही, आणि दोन्हीकडच्या वासरांचं काय होतं ते वहीत लिहायचं.

"ताप वासराला आणि सुई गाईला?" मावशी म्हणाली. "म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

डॉक्टरीणबाई हसली आणि पालथ्या बादलीवर बसून तिने नीट समजावलं. पोटात असताना गाईची रोगाशी झगडायची ताकद वासराकडे जातच नाही. ते जन्मतं रिकाम्या हातांनी. लशीने गाईच्या अंगात तयार होणारी ताकद चिकात, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधात, उतरते, पण तो चीक पहिल्या काही तासांतच पोटात जायला हवा. पुढे वासराचं आतडं ती ताकद आत घेईनासं होतं.

मावशीचा चेहरा उतरला. सासऱ्यांच्या, आबांच्या, काळापासून गोठ्यात नेम होता, गाईची वार, म्हणजे गर्भाचं वेष्टण, पडून ती मोकळी झाल्याशिवाय वासराला आचळाला लावायचं नाही. वार कधी तीन तासांत पडे, कधी अख्खा दिवस जाई.

"मग मी बावीस वर्षं जी उपाशी ठेवली, ती?" तिने विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाली.

पुढे लस टोचलेली बांडी, पांढऱ्या ठिपक्यांची गाय एका सकाळी व्याली आणि बसली ती उठेचना. वारही अडकलेली. दवाखान्यात निरोप धाडला. वासरू थरथरत उभं राहून भिंतच चाटत होतं. मावशीने बाटली आणली तसा दीर म्हणाला, आबांचा नेम मोडू नका, वहिनी.

"आबांनी मला वासरं जगवायला सांगितलं होतं, भावोजी," ती म्हणाली आणि गाईला टेकून चीक काढायला बसली.

त्याच सकाळी शेजारी एक पहिलारू, पहिल्याच वेताची गाय, व्याली होती. तिला लस नव्हती, चीकही घोटभरच. बांडीचा चीक तर वासराचं पोट भरून उरला होता. कुठली गाय वहीच्या कुठल्या बाजूला आहे हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने उरलेला चीक पहिलारूच्या वासराला पाजला.

दुपारी डॉक्टरीणबाईने बांडीला सलाईन लावून उभं केलं, तेव्हा मावशीने आपणहून सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई वैतागली. वहीतली पहिलारूच्या वासराची ओळ आता कुठल्याच बाजूला धरता येणार नाही, म्हणाली.

"ओळ खोडा, बाई. वासरू मला खोडता येईना."

डॉक्टरीणबाईने ओळ खोडली.

ताप त्याही वर्षी आलाच. लस न टोचलेल्या गाईंची तीन वासरं गेली. टोचलेल्यांचं एकच गेलं, आणि ते नेमकं बांडीचं. त्याला सगळं वेळेवर मिळालं होतं. पहिलारूचं वासरू तीन दिवस तापलं आणि चौथ्या दिवशी दूध ओढायला लागलं. एवढ्याशा जनावरांवरून काही सिद्ध होत नाही, हे डॉक्टरीणबाईने स्पष्टच सांगितलं. मावशीनेही वाद घातला नाही.

पुढच्या वर्षी चाचणी दुसऱ्या भागात गेली. मावशी मात्र दुपारचं काम उरकून आसपासच्या गोठ्यांवर जाऊन, वार पडायची वाट न बघता चीक पाजा, असं सांगायला लागली. एका म्हातारीने तर तिला, आम्हाला शिकवतेस का, म्हणून दारातूनच परतवून लावलं. आठवड्याने ती पुन्हा गेली. या खेपेला तिने आधी आपण उपाशी ठेवलेल्या वासरांबद्दल सांगितलं. म्हातारीने तिला बसायला पोतं टाकलं.