हौद धुवायचा नाही

साचलेल्या पाण्याला इतका जीव लावणारा माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्या माणसावर माझ्याइतका जळणाराही दुसरा नसेल. तो माझा वर्गमित्र. सोनाळ्याला शाळेत असताना पहिला नंबर माझा यायचा. त्याचा नंबर विचारायची पद्धत नव्हती. आज तो विद्यापीठात पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा प्राध्यापक आहे, परदेशातले लोक त्याला शंका विचारतात, आणि मी जळगाव जामोदला आठवीच्या पोरांना विज्ञान शिकवतो. ती पोरं मला शंकाही विचारत नाहीत.

या गृहस्थाला स्वच्छ पाणी आवडत नाही. लग्नाच्या पंगतीत जारचं थंडगार पाणी पुढे आलं की हा उठून मांडवामागच्या डबक्याकडे जातो. खिशात पेनाऐवजी झाकणाच्या बाटल्या. एकदा एसटीत त्याच्या मांडीवरची हिरवी बाटली बघून शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "कायचा काढा आहे बापू?" तर हा म्हणाला, "काढा नाही माय, वस्ती आहे. लाखो जण राह्यतात यात." आजीबाईंनी लगेच जागा बदलली. माझी बायको मला उरलेली भाजीसुद्धा फ्रिजमध्ये ठेवू देत नाही, पण त्याच्या बाटल्यांसाठी तिने दुधाचा कप्पा रिकामा केला. वर म्हणाली, "भाऊजी किती साधे आहेत हो!" त्या दिवशी मी रागाने जेवलो नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या शेतातला गुरांचा हौद ही त्याची लाडकी जागा. दोन वर्षं दर महिन्याला येऊन तो कडेचं शेवाळ खरवडून न्यायचा आणि जाताना बजावायचा, "हौद धुवायचा नाही बरं." यंदा त्याला मोठा मान मिळाला. गावात सत्कार ठरला आणि प्रास्ताविक करायला लोकांनी मलाच सांगितलं. आदल्या दिवशी मी शेतात गेलो, ब्लीचिंग पावडर टाकली, हौद स्वतःच्या हातांनी घासून लख्ख केला आणि ताजं पाणी सोडलं. गुरांसाठी, असं मनाला सांगितलं. खरं कारण निव्वळ जळफळाट.

सत्कार उरकून तो गळ्यातल्या हारासकट हौदापाशी आला. वाकला, वास घेतला.

"काऊन धुतला बे?"

मला खोटं सुचेना. "तुझ्यावर जळतो म्हणून," मी म्हणालो.

तो कठड्यावर बसून हसायला लागला. "माह्यावर? अबे, मी तुह्यावर जळत होतो. शाळेतल्या त्या एकुलत्या एक सूक्ष्मदर्शकाले तू पुरा तास डोळा लावून बसला. माही पाळी आली अन् घंटा झाली. तेच पाहायचं राह्यलं होतं, ते अजून पाहून राह्यलो." मग खिशातून रिकामी बाटली काढून माझ्या हातात दिली. "आता या हौदात पहिले कोण राह्याले येते ते पाहू. दर शनिवारी भरून ठेवजो."

तेव्हापासून दर शनिवारी मी बाटली भरतो. झाकण लावण्याआधी उन्हात धरून बघतो; दिसत काहीच नाही. शाळेत त्या तासाला भिंगाखाली काय होतं, तेही मला आठवत नाही. एवढंच आठवतं की तो मागे उभा राहून "मले पाहू दे ना बे" म्हणत होता, आणि मी सरकलो नव्हतो.