कल्याणचा सातवा

माझं ऑफिस ठाण्यात, माजिवड्याला आहे. तिथली तरुण मंडळी मागे एकदा मला मॉलमध्ये मॅच बघायला घेऊन गेली. भिंतभर पडदा, बिअरचे जग, तळलेल्या कांद्याच्या चकत्या. इंग्लंडातल्या एकाच शहरातले दोन संघ, त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची दुश्मनी, आणि ती दुश्मनी घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणारी ही पोरं अंगावर मिरवत होती. निम्मे लाल, निम्मे निळे. लाल हरले तेव्हा आमच्या अकाउंट्समधला एकजण खरोखरचा रडला. मी त्याला विचारलं, "तू गेलायस कधी त्या गावाला?"

"नाही काका. पण ते ब्लडमध्ये असतं."

याचं ब्लड सांगलीचं! ज्या गावात नळाला पाणी कधी येतं हेसुद्धा माहीत नाही, त्या गावासाठी माणसाने रडावं? वर मलाच म्हणाला, "काका, डर्बी काय असते ते तुम्हाला नाही कळायचं." मी कांद्याची चकती खाल्ली. मी डोंबिवलीचा आहे. ज्याला कल्याण म्हणतात त्या गावाचा मी गेली वीसेक वर्षं मनापासून, नियमितपणे आणि घरचं खाऊन तिरस्कार करत आलोय. मला हे शिकवणार!

परक्या वाचकासाठी सांगतो. डोंबिवली आणि कल्याण ही दोन गावं एकमेकांना इतकी चिकटली आहेत की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे फक्त रिक्षावाल्यांना कळतं, कारण तिथे ते "पुढे नाही जाणार" म्हणतात. महापालिका एक. खड्डे एकाच कंत्राटदाराचे. पाणी एकाच दिवशी जातं. तरीही डोंबिवलीकराला वाटतं की आपला पैसा कल्याणवाले खातात आणि कल्याणकराला वाटतं की डोंबिवलीवाले दोन व्याख्यानं ऐकून शहाणे झालेत. दोघांचंही बरोबर आहे.

तर दर वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी या दोन गावांची फुटबॉलची मॅच होते. एक वर्ष आमच्या मैदानावर, एक वर्ष त्यांच्या. मैदान म्हणजे काय ते पडद्यावर हिरवळ बघणाऱ्यांना सांगून पटणार नाही. आमच्या मैदानावर गवताची काडी नाही. नवरात्रात मांडवाचे बांबू रोवायला जे खड्डे खणतात ते कुणीही बुजवत नाही, त्यामुळे सरळ मारलेला बॉल मध्येच काटकोनात वळतो आणि आमचे लोक त्याला "स्विंग" म्हणतात. प्रेक्षक तीन प्रकारचे. खेळाडूंचे नातेवाईक, ज्यांना खेळ कळत नाही. जुने खेळाडू, ज्यांना स्वतःचाच खेळ आठवतो. आणि सकाळचा वॉक संपवून आलेले ज्येष्ठ नागरिक, जे अर्धा तास बघून विचारतात, "यात आपले कुठले?"

मी यातल्या कुठल्याच प्रकारात बसत नाही. मी शिव्या द्यायला जातो. आणि पलीकडच्या रेषेवर कल्याणचा माझ्यासारखाच एकजण येतो. विठ्ठलवाडीकडे राहतो असं ऐकून होतो. डोक्यावर कायम एक मळकी गोल टोपी, आवाज असा की लाउडस्पीकरवाल्याने माइक बंद करावा. इतक्या वर्षांत आम्ही एक सरळ वाक्य एकमेकांशी बोललेलो नाही. तो मला "ए सांस्कृतिक!" म्हणून हाक मारतो, कारण आमच्या गावाला स्वतःला सांस्कृतिक म्हणवून घ्यायची फार हौस. मी त्याला "ए जंक्शन!" म्हणतो, कारण त्यांच्या गावात सगळे गाडी बदलतात, राहायला कुणी उतरत नाही. मग पुढचा दीड तास आम्ही एकमेकांच्या गावाची, संघाची, गटारांची आणि पोहे करण्याच्या पद्धतीची लाज काढतो.

आम्हा दोघांकडे एक अधिकृत कामसुद्धा आहे. पूर्वी दोन्ही संघ चोरून मुंबईचे भाड्याचे खेळाडू आणायचे. एकदा आमच्याच संघात एक गोव्याचा पोरगा निघाला. त्याला विचारलं, डोंबिवलीत कुठे राहतोस, तर म्हणाला, स्टेशनच्या समोर. कुठल्या बाजूच्या, ते त्याला सांगता येईना. त्यावरून मारामारी झाली आणि तेव्हापासून ओळखपरेडची पद्धत पडली. मॅचच्या आधी संघ ओळीत उभा राहतो आणि समोरच्या गावचा एक माणूस ओळीवरून चालत जाऊन प्रत्येकाच्या तोंडाकडे बघतो. ओळखीचा असेल तर मान हलवतो. नसेल तर तो खेळाडू बाहेर. अपील नाही. माणूस आपला की परका हे शत्रूने सांगायचं, कारण आपले लोक खोटं बोलणार हे दोन्ही गावांनी गृहीत धरलेलं. कल्याणच्या संघाला ओळखायचं काम माझं. त्यांची एकेक थोबाडं मला पाठ आहेत. आमच्या संघाला ओळखायला अर्थातच तो येतो.

गेल्या जानेवारीत मॅच आमच्याकडे होती. मी सकाळी मैदानावर पोचलो तर गेटवर फ्लेक्स लागलेला. "कल्याण संघावर दणदणीत विजय मिळवल्याबद्दल डोंबिवली संघाचे हार्दिक अभिनंदन!" वर माननीय पाहुण्यांचा हात जोडलेला फोटो, खाली चौकटीचौकटीत आमची सगळी कमिटी, गॉगलसकट. मॅच सुरू व्हायची होती. मी आमच्या अध्यक्षांना विचारलं, "हे काय?"

"अरे, रविवारी प्रिंटिंगवाला बंद असतो," ते म्हणाले. "आणि पाहुण्यांचा आग्रह होता."

"हरलो तर?"

"हरत नाही. त्यांची टीम येत नाहीये बहुतेक." हे सांगताना माणसाच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. हे आमचे फुटबॉलप्रेमी.

खरी गोष्ट अशी होती की कल्याणची पोरं एकेक करून बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर गेली होती. तिथे दिवे असतात, चहा असतो आणि पळावं लागत नाही. नियमाप्रमाणे किमान सात खेळाडू मैदानात हवेत. नाहीतर वॉकओव्हर, म्हणजे न खेळताच समोरचा जिंकला. आणि जो संघ वॉकओव्हर देईल त्याला पुढच्या वर्षीपासून बोलवायचं नाही, हाही नियम. आमच्या कमिटीने त्यांच्या जागी ठाण्याचा एक संघ ठरवूनही टाकला होता. त्यांच्याकडे स्पॉन्सर आहेत, बूट आहेत, पाण्याच्या बाटल्यांचे क्रेटच्या क्रेट येतात.

ठाणे! मी रोज ठाण्याला जातो. तिथले लोक बरे आहेत, तलाव स्वच्छ ठेवतात, कचेरीत चहा चांगला मिळतो. ठाण्याबद्दल माझं काही म्हणजे काही वाईट मत नाही. आता अशा लोकांना माणूस दीड तास शिव्या देणार कशाच्या जोरावर? मला घाम फुटला. नाटक नाही करत, खरंच फुटला. कल्याण गेलं तर माझ्याकडे जानेवारीत करण्यासारखं काही राहणार नव्हतं.

तेवढ्यात कल्याणचा टेम्पो आला. मागचं फळकूट पडलं आणि पोरं उतरायला लागली. सहाजण. त्यानंतर टोपीवाला उतरला आणि त्याने फळकूट लावून टाकलं.

आमच्या बाजूला टाळ्या वाजल्या. समोरचा संघ अपुरा आहे म्हणून टाळ्या वाजवणारं गाव मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. अध्यक्षांनी लगेच माइक हातात घेतला आणि "खिलाडू वृत्ती" हा शब्द दोनदा वापरला.

पंच दिव्याचे, म्हणजे शेजारच्या दिवा गावचे होते. पंच नेहमी दिव्याचेच आणतात, कारण दिव्याला दोन्ही गावं सारखीच तुच्छ मानतात, त्यामुळे पक्षपाताला वाव नाही. त्यांनी कल्याणच्या पोरांना ओळीत उभं केलं. सहा पोरं उभी राहिली. मग टोपीवाल्याने टोपी काढली, घडी करून खिशात कोंबली, टेम्पोच्या केबिनमधून गोलकीपरची जर्सी काढून अंगात चढवली. पोपटी रंगाची, कुणातरी बारक्या मुलाची. ती पोटावर येऊन अडली. तशीच ओढत तो ओळीच्या शेवटी जाऊन उभा राहिला. टोपीखाली त्याला टक्कल होतं. इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हतं.

आमची कमिटी हसायला लागली. अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "हा खेळाडू नाहीये. तुला माहितीये. नाही म्हण आणि संपव. पाहुण्यांना अकराला दुसरीकडे नारळ फोडायचाय."

मी ओळीवरून चाललो. पहिल्या सहांना मान हलवली. सगळी ओळखीची तोंडं, सगळी नालायक. मग त्याच्यासमोर उभा राहिलो. इतक्या जवळून आम्ही एकमेकांना कधीच बघितलं नव्हतं. मधे नेहमी मैदान असायचं. दाढीचे खुंट पांढरे, एक डोळा जरा बारीक. मला वाटलं हा आता काहीतरी विनवणी करणार, आणि केली असती तर सांगतो, मी तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं.

तो म्हणाला, "बघतोस काय सांस्कृतिक? चष्मा पूस."

पंचांनी विचारलं, "हा त्यांचा खेळाडू आहे?"

"आहे," मी म्हणालो. "गोलकीपर आहे. अगदी फालतू आहे, पण आहे."

अध्यक्षांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सोसायटीची टाकी फोडली आहे. पण शत्रूने ओळखलं म्हणजे ओळखलं. पंचांनी शिट्टी वाजवली.

मॅचबद्दल सांगण्यासारखं फार नाही. अकरा विरुद्ध सात, आणि तरी आमच्या दिवट्यांना पहिला गोल करायला वीस मिनिटं लागली. तोसुद्धा खड्ड्याने केला. दुसरा झाल्यावर आमचे लोक नाचले. सातजणांवर गोल मारून! तिसऱ्या वेळी आमचा फॉरवर्ड गोलसमोर एकटा पोचला होता, तेवढ्यात माननीय पाहुणे आले आणि माइकवरून मॅच थांबवण्यात आली. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. पाहुण्यांनी भाषणात कबड्डीचं महत्त्व सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नारळ आमच्याच गोलपोस्टवर फोडला आणि करवंट्या तिथेच टाकल्या. या गावात माझा जन्म झाला आहे, मला कल्याणचा राग करायला वेगळं कारण लागू नये, पण खरं सांगायचं तर निम्मा राग मी घरूनच घेऊन जातो.

आणि मी? मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो. घसा असा मोकळा सुटला होता. "ए जंक्शन! बॉल आलाय, प्लॅटफॉर्म नंबर सांग!" "ए जंक्शन! वाकता येत नसेल तर स्टूल देऊ का?" तो गोलमधून तेवढ्याच जोरात परत करत होता. गोल खायचा, बॉल जाळीतून काढायचा आणि काढता काढता मला ऐकवायचा. चार गोल खाल्ले त्याने. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

शेवटी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली. आमचा कॅप्टन आला, त्याने पाहुण्यांच्या फोटोवाल्याकडे बघून केस सारखे केले आणि बॉल मारला. चांगला मारला, खोटं का बोला. डाव्या कोपऱ्यात, खाली. आणि तो पोपटी जर्सीतला पन्नाशीचा माणूस आडवा झाला. म्हणजे झेपावलाच. पोट, टक्कल, सगळं हवेत. बॉल त्याच्या बोटांना लागून पोस्टच्या बाहेर गेला.

"शाब्बास!"

हे मी ओरडलो. मीच. पूर्ण आवाजात. आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक ज्येष्ठ नागरिक दुसऱ्याला म्हणाले, "हे त्यांच्यातले का?"

तो उठला. कोपर सोलवटलं होतं, त्यावर माती बसली होती. त्याने माझ्याकडे बघितलं. चार गोल खाताना जो चेहरा उतरला नव्हता तो आता खर्रकन उतरला. मंदिरासमोर नुसत्याच बसलेल्या माणसाच्या हातात कुणीतरी चिल्लर ठेवावी, तसा तो माझ्याकडे बघत उभा राहिला. कॉर्नर घ्यायला आमचा पोरगा निघाला होता, पण हा जागेवरून हलेना.

मला माझीच शिसारी आली. त्याला मी ओळीत मान्य केलं होतं ते काय अशी शाबासकी देण्यासाठी? मी रेषेच्या आत दोन पावलं शिरलो, तोंडाभोवती हात धरले आणि फुप्फुसात होतं नव्हतं ते सगळं काढून ओरडलो, "ए जंक्शन! उगाच फुगू नकोस! तुझ्या पोटाच्या वाऱ्याने गेला बॉल बाहेर!"

तो सरळ झाला. जर्सी खाली ओढली. खिशातली टोपी काढून डोक्यावर चढवली, आणि मग तो आवाज आला. त्या आवाजाने आमचा लाउडस्पीकरवाला दचकला.

"ए सांस्कृतिक! पुढच्या वर्षी मॅच आमच्याकडे आहे! आण तुझी टीम. एकालाही ओळखणार नाही!"

आमच्या बाजूचे लोक चिडले, अध्यक्ष माइकवरून शांततेचं आवाहन करायला लागले. मी रेषेवर मागे येऊन उभा राहिलो. पुढच्या वर्षी, म्हणाला. मला इतकं निश्चिंत कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.