नाव मोठ्यानं वाचा की

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेंगाचटणी विकणाऱ्या मावशींच्या क्यूआर कोडवर कुणीतरी स्वतःचा स्टिकर चिकटवून दिवसाची कमाई पळवली. तेव्हापासून त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायच्या, "नाव काय येतंय? मोठ्यानं वाचा की."

खातं अजून वारलेल्या नवऱ्याच्याच नावावर होतं. मी नाव वाचलं, की त्या डोक्यावरचा पदर सारखा करायच्या.

"लई सावध झालात, मावशी!"

"व्हय. आन् आमच्यात मालकाचं नाव घेत न्हाईत. तुमच्या तोंडनं कानावर पडतं."

घरात चटणीच्या पुड्या साठल्या. बायकोनं मला हात जोडले.

परवा बँकेनं नवा कोड दिला. काल मोबाइलवर मावशींचंच नाव आलं.

"काय येतंय?"

बायकोसमोर माझी एक थाप पचत नाही. पण मी ठणकावून त्यांच्या नवऱ्याचं नाव वाचलं.

मावशींनी पदर सारखा केला.