पाणी चढलं तर उठवा

माझ्या वर्गाच्या दारावर ‘पाठदुखी व मानदुखी’ एवढंच लिहिलंय. थकवा हा शब्द मी मुद्दाम टाळला. महाडात कुठली बाई घरात सांगेल, की मी थकलेय, दुपारची तासभर आडवी पडायला जाते? लगेच विचारतील, घरात काय जागा नाही का? पाठ दुखते म्हटलं की मात्र घरचे सोडतात. म्हणून मी फिजिओथेरपीची पाटी लावून गेली कित्येक वर्षं बायकांना झोपवायचं काम करते.

ऐकायला सोपं वाटतं. पण येणाऱ्या निम्म्या बायकांना आडवं पडताच येत नाही. कुणाच्या मुठी वळलेल्या, कुणी छताकडे बघत उद्याच्या डब्याला काय करायचं ते ठरवतेय. हात रिकामे राहिले की त्यांना चोरी केल्यासारखं वाटतं. बाजारपेठेत कापडाचं दुकान सांभाळणारी एकजण तर मोड आलेले वाल डब्यात घालून आणायची आणि ‘मॅडम, तुम्ही बोला, माझं लक्ष आहे,’ म्हणत बिरडं सोलत बसायची. मी चिडायचे, माझा स्वभाव तसा तापटच. शेवटी मीच हरले आणि नियम करून टाकला, की आधी सगळ्यांनी मिळून वाल सोलायचे आणि मग आडवं पडायचं. हात दमले की डोळे आपोआप मिटतात. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी वर्गात कधी बोलले नाही. मी स्वतः भित्री आहे. पावसाळ्यात नगरपालिकेचा पुराच्या इशाऱ्याचा भोंगा नुसता तपासायला वाजवला तरी मी हातातलं काम टाकून खिडकीशी धावते. दारात कोसळणाऱ्या पावसाला आमच्याकडे कुणी फारसं भीत नाही. आमची माणसं विचारतात, वर किती पडला? वर म्हणजे महाबळेश्वरला. तिथलं पाणी सावित्रीतून पोलादपूरवरून खाली येतं, आणि खाडीला भरती असली की त्याला पुढे जायला वाट राहत नाही. मग ते आमच्याकडेच मुक्काम करतं. ज्यांची माहेरं पोलादपूरला आहेत त्यांना आषाढात भारी भाव येतो. सगळी गल्ली त्यांना विचारत असते, पुलाखाली पाणी कुठवर आलंय म्हणून.

एक बाई माझ्याकडे आल्या त्या खऱ्याखुऱ्या पाठदुखीनं. आमच्याच गल्लीतल्या, तिरप्या समोरच्या घरातल्या. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्या रस्त्याला एका डोंगरवाडीच्या शाळेत शिक्षिका, म्हणून अर्ध्या शाळेच्या शनिवारी दुपारी येणाऱ्या. नवरा मुंबईला नोकरीत, शनिवारी येणारा. एरवी घरात त्या आणि सासूबाई, दोघीच. शिक्षिका म्हणून वर्गात सगळ्या त्यांना ‘बाई’ म्हणायला लागल्या, तशी मीही.

‘पाठ कशानं दुखते?’ मी विचारलं.

‘माळ्यावर चढून.’

‘कितीदा चढता?’

‘लागेल तेव्हा. सगळं वरच आहे.’

आता, पावसाळ्याच्या तोंडाला सामान माळ्यावर आम्ही सगळेच चढवतो. धान्याचे डबे, गाद्या, कागदपत्रं. गणपतीच्या आधी ते खाली येतं, कारण मखराला आणि मुंबईच्या पाहुण्यांना जागा लागते. पण बाई आल्या तेव्हा संक्रांत जवळ आली होती. पुराच्या वर्षी वर चढवलेलं सामान त्यांनी खाली उतरवलंच नव्हतं. गहू वर, तांदूळ वर, साखरसुद्धा वर. चहाला साखर हवी असली तरी शिडी लावायची.

आणि त्या झोपत नव्हत्या. डोळा लागला न लागला की उठून उंबऱ्याशी जायच्या आणि फरशीला हात लावून बघायच्या, कोरडी आहे ना. तेही पौष महिन्यात. मी थट्टेनं म्हटलं, ‘बाई, आता कुठलं पाणी? नळाला येईना झालंय.’ बाकीच्या हसल्या. बाई हसल्या नाहीत.

पुराची हकिकत त्यांनी एकदा वाल सोलता सोलता सांगितली, वर्गाची हजेरी घ्यावी तशा आवाजात. त्या संध्याकाळी गटारातलं पाणी उलटं फिरून घरात शिरलं. बाई माळ्यावर होत्या आणि सासूबाई खालून एकेक वस्तू त्यांच्या हातात देत होत्या. मग देणं थांबलं. बाईंना वाटलं, दमल्या असतील, टेकल्या असतील जरा. त्यांनी वरचे डबे नीट लावून घेतले, कागदपत्रांची पिशवी खुंटीला अडकवली आणि मग वाकून खाली पाहिलं. सासूबाई छातीभर पाण्यात उभ्या होत्या. देव्हाऱ्यातले देव पदरात बांधलेले, एक हात शिडीला. गुडघे धरल्यामुळे त्यांना चढता येत नव्हतं, आणि तोंडातून एक शब्द नाही.

‘वर ओढून घेतल्यावर मी विचारलं, हाक का नाही मारलीत?’ बाई म्हणाल्या. ‘तर म्हणाल्या, तू कामात व्हतीस.’

सगळ्या खाली मान घालून वाल सोलत राहिल्या. ते उत्तर आमच्यातल्या एकीलाही विचित्र वाटलं नव्हतं, आणि घरी गेल्यावर मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तेव्हापासून बाई कान देऊन होत्या. जी हाक कुणी मारणारच नाही, तिच्यासाठी जागं राहायचं म्हणजे कधी झोपायचं? मी त्यांना माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नीट तपासून गोळ्या दिल्या, समजावून सांगितलं. बाईंनी गोळ्या आणल्या आणि माळ्यावर ठेवून दिल्या. म्हणाल्या, ‘गोळी घेतली आणि जाग आली नाही तर?’

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यानंतरची गोष्ट. एका शनिवारी दुपारी त्या आल्या तेव्हा साडीच्या काठाला काळा डाग होता. मी विचारलं तर सहज सांगितलं, की आंबेनळीच्या वळणावर स्कूटर कठड्याला घासून थांबली. खरचटलंसुद्धा नाही. ‘डोळा लागला असणार. कारण ते वळण आलेलं मला आठवतच नाही.’ त्या वळणाच्या कठड्यापलीकडे काय आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी म्हटलं, स्कूटर सोडा. म्हणाल्या, शाळेच्या वेळेला एसटी नाही. म्हटलं, रजा घ्या. म्हणाल्या, शाळेवर दोनच शिक्षक आहेत.

झोप येत नाही अशी ती केसच नव्हती. झोप त्यांच्या अंगावर धावून येत होती, घाटात, फळ्यासमोर, गॅसपुढे. त्या तिला फक्त घरात पाऊल टाकू देत नव्हत्या. पुढच्या वेळी कठडा नसलेलं वळण आलं तर, हा विचार मला सकाळी त्यांची स्कूटर सुरू झाल्याच्या आवाजाबरोबर यायचा आणि ती परत आल्याचा आवाज येईपर्यंत जायचा नाही. दुसऱ्यांना झोपवणारी मी, दिवसभर एका स्कूटरच्या आवाजाकडे कान लावून बसायला लागले.

आषाढात एक दिवस रेड अलर्ट म्हणून शाळांना सुट्टी जाहीर झाली. सकाळभर कोसळून दुपारी पावसानं जरा उघडीप दिली. वर्गाला चौघीपाचजणी आल्या, आणि बाईही आल्या. सासूबाईंनी ढकलूनच पाठवलं होतं, ‘जा गो, पाठ दाखवून ये, मी हाय की घरात.’ त्या आल्या, पण टेकल्या नाहीत. खिडकीशी उभ्या राहिल्या. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून त्यांच्या घराच्या पायऱ्या आणि पुढचं गटार स्वच्छ दिसतं. बाईंचे डोळे लाल झाले होते आणि उभ्या उभ्याच त्यांची मान कलत होती.

मला रागच आला. ‘बाई, तुम्ही आडव्या पडा. खिडकीत मी उभी राहते.’

‘तुम्ही?’

‘हो, मी. फोन घेणार नाही, गप्पा मारणार नाही. नुसती गटाराकडे बघत राहीन.’

गृहपाठ केलाय पण वही घरी राहिली असं सांगणाऱ्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, ‘पाणी चढलं तर उठवा. बिचारी झोपलीय म्हणून राहू देऊ नका.’

‘नाही राहू देणार.’

‘शप्पथ?’

‘शप्पथ.’

त्या सतरंजीवर आडव्या पडल्या आणि बघता बघता झोपी गेल्या. घोरायलाच लागल्या. कापडवाली तोंडाला पदर लावून हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी खिडकीत उभी राहिले. पावसानं पुन्हा जोर धरला. थोड्या वेळानं कापडवालीला तिच्या भावाचा पोलादपूरहून फोन आला. ती कुजबुजत माझ्यापाशी आली. ‘मॅडम, वर बेफाट पडतोय म्हणे. नदी लाल झालीय, पुलाच्या खांबांना घासतेय. आणि आता भरती आहे.’ मी गटाराकडे पाहिलं. ते वाहायचं थांबलं होतं. पाण्यावर एक प्लास्टिकची पिशवी होती, ती जागच्या जागी उभी होती. महाडच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

‘गटाराच्या वर आलेलं नाही अजून,’ मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

‘म्हातारीला आम्ही घेऊन येतो,’ कापडवाली म्हणाली. ‘त्यांना दुसरं काय न्यायचंय? सामान तर सगळं वरच आहे.’ ती आणि आणखी एकजण साड्या खोचून खाली उतरल्या.

वरून मला सगळं दिसत होतं. ती पिशवी हलली आणि उलटी, नदीकडून आमच्याकडे येऊ लागली. दोघी दारात पोचल्या. दार उघडायला वेळ लागला, तो फार वाटला. मग सासूबाई बाहेर आल्या, उमरठ गावाकडच्या, काटकुळ्या, पदराला गाठ मारलेली. गाठीत देव असणार. दोघींनी दोन्हीकडून धरलं. त्या गल्ली ओलांडेपर्यंत पाणी गटाराच्या काठावरून रस्त्यावर आलं आणि त्यांच्या घोट्याला लागलं. माझ्या जिन्यावर त्यांचे पाय वाजले तेव्हा मी खिडकीतून वळले.

म्हणजे आता उठवायला हवं होतं.

‘कशाला?’ वर आल्या आल्या कापडवालीनं माझा दंड धरला. ‘म्हातारी आलीय ना सुखरूप. निजू दे की. कधी नाही ती झोपलीय.’

मलाही तेच वाटत होतं. उठवलं तर पुन्हा कधी या बाई डोळे मिटतील का? उद्या, परवा शाळा उघडेल, स्कूटर निघेल, घाटात ते वळण येईल. पण नाही उठवलं, तर यापुढे कुणाच्याही शपथेवर त्या विश्वास ठेवणार नाहीत. मला दोन्हीची सारखीच भीती वाटत होती. ‘शप्पथ घेतलीय मी,’ मी कापडवालीवर खेकसले आणि खाली बसून बाईंच्या खांद्याला हात लावला.

‘बाई. पाणी चढलं.’

त्या ताडकन उठल्या. पहिला हात फरशीवर गेला. फरशी कोरडी. ‘आई!’

‘हितं हाय गो.’

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाई गुडघ्यांवर सरकत त्यांच्यापाशी गेल्या आणि त्यांचे पाय चाचपून पाहिले. घोट्यापर्यंत ओले होते, त्याच्यावर कोरडे. ‘कुठवर आलंय?’ त्यांनी मला विचारलं.

‘पहिल्या पायरीला.’ खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

‘नीज तू,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आजून चढलं तर मी हाक मारीन.’

‘तुम्ही नाही मारत.’ एवढ्या महिन्यांत बाईंचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. ‘तुम्ही मारत नाही, आई. मी वाकून बघितलं नसतं तर काय झालं असतं?’

सासूबाई पदराच्या गाठीशी चाळा करत राहिल्या. बाहेर पाऊस एवढा जोरात होता की त्या बोलायला लागल्या तेव्हा आम्हाला पुढे वाकावं लागलं.

‘सवय नाय गो. लगीन होऊन आले तवापासून घरात मोठ्यानं कोनाला हाक म्हनून मारली नाय. दुखलं खुपलं तरी नाय.’ मग म्हणाल्या, ‘आता मारीन.’

‘मोठ्यानं?’

‘मोठ्यानं.’

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग सासूबाईंच्या ओल्या पदराचं टोक मुठीत धरून तिथेच फरशीवर कलंडल्या. मी उशी सरकवायला गेले तेव्हा त्यांना ते कळलंही नाही.

मी पुन्हा खिडकीत जाऊन उभी राहिले. पाणी दुसऱ्या पायरीला लागलं होतं आणि भरती उतरायला अजून अवकाश होता. मी गजांना घट्ट धरलं. वळून पाहिलं तर सासूबाई ताठ बसल्या होत्या, नजर माझ्या पाठीमागच्या खिडकीवर, आणि ओठ हलत होते. मला वाटलं, जप करतायत.

प्यायचं पाणी घ्यायला जवळून गेले तेव्हा मला ऐकू आलं. आयुष्यभर सुनेला नुसतं ‘गो’ म्हणणाऱ्या सासूबाई तिचं नाव पुटपुटत होत्या. एकदा म्हणायच्या, थांबायच्या, आणि पुन्हा थोडं मोठ्यानं म्हणून बघायच्या.